ठिपक्याठिपक्यांची आई

पॅरिस, बातिन्योल
१२ ऑक्टोबर १८९०

प्रिय दादा,

मी शिकवणी लावली आहे. हसू नकोस. सत्ताविसाव्या वर्षी, शाळेतल्या मुलींना आठ वर्षं फुलदाण्या काढायला शिकवून झाल्यावर, मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. मस्यू ब्रेसोल म्हणून एक चित्रकार आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात. हल्ली ज्या ठिपक्यांच्या चित्रांवरून लोक वर्तमानपत्रांत भांडतात ना, तसली ते काढतात. रविवारी मी त्यांच्याकडे जाते आणि उरलेला आठवडा घरी घोकंपट्टी.

त्यांचा पहिला धडा असा: पॅलेटवर रंग कालवायचा नाही. मी सवयीने निळ्यात पिवळा ओढायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातला ब्रशच काढून घेतला. "मादमुआझेल, आपण नुसते शेजारी बसवायचे. कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांचं." मग हिरव्याच्या शेजारी लाल, नारिंगीच्या शेजारी निळा, टाचणीच्या डोक्याएवढा एकेक ठिपका. तेलरंग असल्यामुळे एक थर वाळेपर्यंत पुढचा द्यायचा नाही, नाहीतर सगळ्याचा चिखल. मला धीर नाही हे तुला ठाऊक आहे. तो मी आता शिकतेय.

समोर बसायला माणूस हवं होतं. भाड्याने आणण्यापेक्षा आई बरी. तिने आधी आढेवेढे घेतले, मग पेटीतून काळा रेशमी ड्रेस काढला. म्हणाली, "जन्मभर टोप्या शिवून दुसऱ्या बायकांच्या डोक्यांवर बसवल्या. आता माझं डोकं कुणी बघतंय तर बघू दे." पहिले ठिपके पडल्यावर जवळ येऊन निरखून म्हणाली, "मला गोवर झालाय का गं?"

चित्र झालं की तुझ्याकडे पाठवायचं असं आमचं ठरलंय. तिथे तुझ्या खोलीत भिंतीवर पालींशिवाय काही नाही असं तूच लिहिलं होतंस.

तुझी
ऑरेली


सेंट लुई, सेनेगल
९ नोव्हेंबर १८९०

प्रिय ऑरे,

आई एका जागी बसते यावर माझा विश्वास नाही. मला आठवतं त्याप्रमाणे ती जेवतानाही उठून तीनदा खिडकीशी जाऊन येते. तुझे मस्यू ब्रेसोल तिला दोरीने बांधतात का?

इथे पाऊस संपला, पण तापाचे रोगी संपले नाहीत. आमचा दवाखाना भरलेला आहे. सकाळी फेरीला निघालो की पलंगापलंगाशी थांबून आधी पापणी खाली ओढायची, डोळ्याचा पांढरा भाग बघायचा, मग पुढचं. या कामाला डॉक्टरही नको, पण सरकार मला त्याचाच पगार देतं.

मार्चमध्ये मला रजा मिळते. तीन वर्षांनी घरी येईन. आईला सांग, कांद्याचं सूप आणि मटणाचा रस्सा, बाकी काही नको. इथला भात खाऊन माझा भात झालाय.

चित्र मीच येऊन घेऊन जाईन. डाकेवर भरवसा नको.

ऑक्ताव


बातिन्योल
१४ डिसेंबर १८९०

प्रिय दादा,

तुझा अंदाज चुकला. आई कमालीची छान बसते. सुरुवातीला फार चुळबुळ करायची, सारखे हात खाजवायची. मी ओरडले, की प्रत्येक वेळी बाहीची घडी बदलली तर मी काढू काय? तेव्हापासून हातमोजे घालून, हात शालीखाली घेऊन बसते. दगडासारखी. मध्ये मध्ये तिचा डोळा लागतो, पण मान ढळत नाही.

आणि आता माझी बढाई ऐक. मागच्या रविवारी मी कॅनव्हास उचलून मस्यू ब्रेसोलांकडे नेला. ते कधी कौतुक करत नाहीत. बराच वेळ दाराशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "हा पिवळा तुम्हाला कुठे सापडला?" मी म्हटलं, आईच्या चेहऱ्यात. खरंच दादा, एके दिवशी एकदम दिसायला लागला. गालावर, कपाळावर, आणि सगळ्यात नवल म्हणजे डोळ्यांच्या पांढऱ्यात. आपण आजवर डोळे पांढरे म्हणून पांढरेच रंगवत आलो, बघितलं कुणी नाही. तिथे फिका पिवळा आहे आणि कोपऱ्यात तर चक्क हिरवट. त्याला उत्तर म्हणून मी सावलीत जांभळे ठिपके दिले आणि चेहरा कसा जिवंत झाला.

मस्यू म्हणाले, खिडकीवरच्या मोहरी रंगाच्या पडद्याचं हे प्रतिबिंब, आणि ते पकडायला शिकलेला डोळा हवा. आईला सांगितलं तर तीही म्हणाली, "पडद्याचंच असणार. तो पडदा मला पहिल्यापासून आवडत नाही."

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत.

ऑरेली

बाळा, ही मला हळदीत बुडवून काढतेय, तू आलास की तिला समजाव. माझं बरं चाललंय. रजा मिळेल तेव्हा ये, माझं काही अडलेलं नाही. तुझ्या पलंगाची गादी मात्र उन्हात टाकून आणली आहे. — आई


सेंट लुई
११ जानेवारी १८९१

प्रिय ऑरे,

तुझं पत्र मी भोजनगृहात मोठ्याने वाचून दाखवलं. पिवळ्या डोळ्यांवर सगळे पोट धरून हसले. इथे आम्ही पिवळा दिसू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतो आणि पॅरिसमध्ये लोक तो शोधून काढल्याबद्दल शाबासकी मिळवतात. माझ्या पेशंटांची चित्रं काढायला तुझ्या मास्तरांना इकडे पाठव, मोहरीचे पडदे लागणार नाहीत. गंमत सोड, मला तुझा अभिमान वाटतो.

आता एक गोष्ट, रागावू नकोस. मार्चची रजा मी देस्मारेला, इथल्या दुसऱ्या डॉक्टरला, दिली. त्याच्या बायकोला मे महिन्यात मूल व्हायचं आहे, पहिलंच, आणि आधीचं एक गेलेलं. आम्हा दोघांपैकी एकालाच सोडणार होते. तो तोंडाने काही बोलला नाही, पण दोन दिवस माझ्यासमोर जेवला नाही. आईने स्वतःच लिहिलंय की तिचं काही अडलेलं नाही. मी सप्टेंबरमध्ये येईन. तिला नीट समजावून सांग.

ऑक्ताव


बातिन्योल
८ फेब्रुवारी १८९१

प्रिय दादा,

सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलं. पहिलं मूल म्हणजे नवरा जवळ हवाच." मग उठून आत गेली आणि तुझ्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली. गुंडाळताना मध्येच पलंगाच्या कडेला बसून राहिली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. म्हणाली, "तू तुझे ठिपके घाल."

मला तुझा राग आला आहे, पण तो तू आल्यावर काढीन.

चित्र पुढे सरकतंय. खांद्याची रेघ मात्र दोनदा पुसावी लागली. काळा ड्रेस तिला ढगळ होतो आहे, ऑक्टोबरची आई आणि आत्ताची आई एकमेकींवर बसत नाहीत. जेवायला कंटाळा करते. लोण्याचा वास आला तरी उठून जाते. मी दम दिला, की अशीच बारीक होत गेलीस तर कॅनव्हास खरवडून टाकीन. तर हसली.

एक गोष्ट मला कळत नाही. मागच्या आठवड्यात पडदा धुवायला काढला. खिडकी उघडी, बाहेर बर्फ, सगळा उजेड पांढराशुभ्र. तरी पिवळा तिथेच. उलट जास्त. मस्यूंना विचारलं तर म्हणाले, डोळ्याला एकदा रंगाची सवय लागली की तो नसला तरी दिसतो, आठ दिवस चित्र भिंतीकडे फिरवून ठेवा. मी ठेवलं. पण चित्र फिरवलं तरी आईकडे तर बघतेच ना मी.

तुझ्या त्या बाळाच्या बापाला शुभेच्छा.

ऑरेली


सेंट लुई
१ मार्च १८९१

ऑरेली,

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी कर. उद्यावर टाकू नकोस.

आईला दुपारी खिडकीशी उभी कर, पडदा काढून. पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघ. रंगाचं बघू नकोस, तिच्या डोळ्याचं बघ. अंगाला खाज सुटते का ते विचार. लघवी कॉफीसारखी होते का तेही विचार, ती लाजेल, तरी विचार. पोटात उजवीकडे बरगडीखाली दाबल्यावर दुखतं का. मग डॉक्टर माल्बॉसना बोलाव आणि हे सगळं त्यांना सांग.

मी अर्ज केला आहे. देस्मारे मागच्या बोटीने गेला, तेव्हा इथे मी एकटाच आहे. बदली माणूस डकारहून येईपर्यंत मला हलता येणार नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं होतं. खाज, झोप, रंग. मी ते हसत हसत वाचून दाखवलं होतं.

ऑक्ताव


बातिन्योल
२३ मार्च १८९१

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा आई समोरच बसली होती, पोझमध्ये. मी ते उभ्याने वाचलं आणि तिचे हातमोजे काढायला सांगितले. ती नको नको म्हणत होती. मी ओढून काढले. कोपरापर्यंत नखांचे ओरखडे होते, काही सुकलेले, काही ताजे.

डॉक्टर माल्बॉस आले. त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या एकांना आणलं. पित्ताची वाट अडली आहे आणि अडवणारी गाठ कापण्यापलीकडे गेली आहे. मी विचारलं, शरद ऋतूत कळलं असतं तर? ते कोटाची बटणं लावत होते. म्हणाले, "मादमुआझेल, तेव्हा काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. कदाचित हेच." कदाचित. हा एवढा एक शब्द ते माझ्याकडे ठेवून गेले.

पाच महिने, दादा. जगात कुणी आपल्या आईकडे इतकं बघितलं नसेल. कपाळाच्या एका वीतभर जागेवर मी सबंध आठवडा घालवला. आणि मला पडदा दिसला.

आईला मी म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणाली, नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या सगळ्या संतांच्या सणापासून काहीतरी बिघडलंय हे ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस? तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"तुझे बाबा गेल्यापासून तू शाळेतून यायचीस, जेवायचीस आणि वह्या तपासत बसायचीस. समोर बसलेली मी तुला दिसायचे नाही. या वर्षी पहिल्यांदा तू रोज माझ्याकडे बघत होतीस. दुखतंय म्हटलं असतं तर तू ब्रश धुऊन ठेवला असतास आणि डॉक्टरकडे बघत बसली असतीस."



ती सांगते, ऑक्तावला घाई नको, समुद्र वाईट असतो या दिवसांत. तू ऐकू नकोस. ये.

ऑरेली


पॉयाक, क्वारंटाइन
२१ एप्रिल १८९१

ऑरे,

मी फ्रान्समध्ये आहे. बोर्दोच्या खाली, नदीकाठच्या क्वारंटाइनमध्ये. खिडकीतून द्राक्षाच्या बागा दिसतात, पलीकडच्या काठावर बायका कपडे वाळत घालताना दिसतात, आणि मला फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

काय झालं ते ऐक. बोटीवर भटारखान्यात एक पोरगेलासा खलाशी होता, ताप भरलेला. बोटीच्या डॉक्टरने उन्हाचा ताप म्हणून सोडून दिलं होतं. किनारा दिसायला लागला त्या सकाळी मी त्याची पापणी ओढून पाहिली. डोळे पिवळे. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीत असतो. मला ते सुचलं, हे तुला लपवत नाही. मग मी जाऊन कप्तानाला सांगितलं. त्याने साथीचं पिवळं निशाण चढवलं आणि आम्हा सगळ्यांना इथे आणून टाकलं.

काल तो पोरगा उठून बसला, भाकरी मागितली. इथले डॉक्टर म्हणतात, पिवळा ताप नव्हताच, साधी कावीळ. तरी नियमाचे दिवस भरल्याशिवाय कुणाला सोडणार नाहीत. मी वरपर्यंत विनंती केली. माझ्याइतकाच सभ्य आणि माझ्याइतकाच नियमाला चिकटलेला एक माणूस रोज येऊन नाही म्हणून जातो.

तिला सांग मी जवळ आलोय. तिचा हात धरून सांग.

ऑक्ताव


बातिन्योल
२५ एप्रिल १८९१

दादा,

तार मिळाली असेल. आई परवा दुपारी गेली. तुझं पत्र त्या आधी आलं होतं. मी तिचा हात धरून सांगितलं. तिने विचारलं, "बोर्दो म्हणजे इथून किती लांब?" मी म्हटलं, एक रात्र. म्हणाली, "मग आलाच," आणि केस विंचरून मागितले.

आदल्या दिवशी तिने चित्र मागितलं होतं. तोवर ती नेहमी जवळ जाऊनच बघायची आणि ठिपके मोजल्यासारखं करायची. मी ईझल पलंगाच्या पायथ्यापासून दूर, दारात नेऊन ठेवला. ती उशीवर टेकून बघत राहिली. मग म्हणाली, "छान काढलंस. पण या बाईला कुणीतरी डॉक्टरकडे न्या गं." आणि हसली. दादा, ती खरंच हसली, मला टोमणा मारल्यासारखं नाही. तिचं ते हसू मला कुठल्या रंगात ठेवावं कळत नाही.

उद्या सकाळी पुरणार आहेत. थांबवता येत नाही म्हणाले. मी तुझ्या नावाचीही फुलं ठेवीन.

ऑरेली


सेंट लुई
१५ नोव्हेंबर १८९१

प्रिय ऑरे,

सहा महिने मी तुला लिहिलं नाही. तूही नाही. क्वारंटाइनमधून सुटून घरी आलो त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी जे बोललो, की तू आईला बघतच नव्हतीस, रंग बघत होतीस, ते तोंडातून निघाल्या क्षणी मला परत घ्यायचं होतं. तू उत्तर दिलं असतंस तर घेतलंही असतं. तू नुसती माझ्यापुढची बशी उचलून नेलीस.

आता लिहितो. बघायचं शिक्षण माझं झालं होतं, तुझं नाही. तू मला खाणाखुणांसकट सगळं लिहून पाठवलंस. मी वाचून दाखवलं आणि लोक हसले. रजाही माझीच होती, मीच दिली. देस्मारेला मुलगी झाली, धडधाकट आहे. तो मला तिचा फोटो दाखवायला आला आणि माझ्याकडे बघवेना त्याला. मी फोटो हातात घेऊन चांगली आहे म्हटलं. ती चांगली आहेच.

चित्राबद्दल. तेव्हा मी ओरडून सांगितलं होतं की ते डोळे पांढरे कर. आता हट्ट नाही. पण जमत असेल तर करशील का? मला आईचे डोळे आठवायला गेलं की तेच आठवतात, आणि मी तर ते तसे कधी पाहिलेही नाहीत.

मेमध्ये मला रजा आहे. या वेळी कुणालाही देणार नाही. येऊ का?

ऑक्ताव


बातिन्योल
१३ डिसेंबर १८९१

प्रिय दादा,

हे विचारायचं असतं का? ये.

तुझं पत्र आल्यावर मी ईझल पुन्हा मांडला. शिशाचा पांढरा काढला आणि डाव्या डोळ्यात पाच-सहा ठिपके दिले. पिवळा झाकला गेला. पण लगेच खालची जांभळी सावली एकदम काळीनिळी दिसायला लागली, कुणी मारल्यासारखी, कारण ती त्या पिवळ्यासाठी बसवली होती. ती बदलली तर गाल खोटा पडतो. गाल बदलला तर कपाळ. असं करत सगळी आईच नव्याने काढावी लागेल, आणि समोर बसायला ती नाही. रंग ओला होता तोवर मी ते पांढरे ठिपके कापडाने पुसून काढले. माफ कर. मला जमलं नाही.

मस्यू ब्रेसोल म्हणत होते की वसंतातल्या प्रदर्शनाला द्या, त्या पिवळ्यासाठी लोक थांबतील. मी नाही म्हटलं. पडद्याची गोष्ट त्यांनाही झोपू देत नाही, असं त्यांची बायको सांगत होती. मी रविवारचं जाणं थांबवलेलं नाही. सध्या सफरचंदं काढते. माणूस अजून नाही.

चित्र बैठकीत टांगलं आहे. दारातून दिवसा बघितलं तर आजार दिसतो, आधी तोच दिसतो. जवळ गेलं तर काहीच दिसत नाही, नुसते ठिपके. बरेच दिवस मी जेवणाची खुर्ची इकडून तिकडे हलवत होते आणि कुठूनच ती मिळत नव्हती. मग एकदा संध्याकाळी शेगडीशी बसून मोजे रफू करत होते, दिवा लावला आणि सहज वर बघितलं. दिव्याच्या उजेडात पिवळा दिसत नाही, दादा. सगळे पांढरे पिवळट होतात आणि तो त्यांत विरून जातो. डोळे पांढरे होते. काळा ड्रेस घालून ती बसली होती, आता काहीतरी खोचक बोलेल अशी.

तू येशील तेव्हा दुपारची गाडी घेऊ नकोस, संध्याकाळची घे. शेगडीशी मी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत.

तुझी
ऑरेली